अंगावरून वारं गेल्यावर पुन्हा उभं राहताना: घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी लकवा म्हणतं, कुणी पॅरालिसिसचा झटका. आमच्या सांगलीकडची जुनी माणसं अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ असंच म्हणतात. मिरजेच्या एखाद्या दवाखान्यातून डिस्चार्ज घेऊन पेशंट घरी येतो, जत-आटपाडीला किंवा इथंच विश्रामबागेला, आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देताना दारात चपला काढायच्या आतच जे प्रश्न कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येकाचा झटका वेगळा असतो, त्यामुळे तुमच्या पेशंटला तपासलेल्या डॉक्टरांचा आणि फिजिओचा शब्द इथल्या मजकुरापेक्षा वरचा समजा.

दुखणं डोक्याचं, मग व्यायाम पायाचा कशाला?

मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त गुठळीनं अडतं किंवा रक्तवाहिनी फुटते आणि तिथल्या पेशी मरतात. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवी बाजू जाते, उजव्याला झाली तर डावी. पायाचे स्नायू, हाडं, सांधे त्या दिवशीही ठणठणीत असतात, फक्त वरून येणारा हुकूम बंद पडलेला असतो.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण त्यांचं काम आजूबाजूचे जिवंत भाग बऱ्यापैकी शिकून घेतात. शेतकऱ्याला मी असं सांगते: पाट फुटला तर आपण पाणी दुसऱ्या दांडानं फिरवतो. कोरड्या दांडात पहिलं पाणी सगळं मुरतंच. म्हणून सोडायचं थांबवलं तर ते शेवटच्या सरीपर्यंत कधीच पोचणार नाही. व्यायाम म्हणजे तेच पाणी सोडणं, दिवसाला दहा-वीस वेळा नव्हे, शेकड्यांनी.

व्यायाम कधी सुरू करायचा? लवकरात लवकर ना?

लवकर, पण घाईनं नाही. 2015 साली पाच देशांतल्या दोन हजारांहून जास्त रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पहिल्या 24 तासांतच रुग्णांना वारंवार आणि जोरात उठवलं-चालवलं, तर तीन महिन्यांनी त्यांची स्थिती उलट थोडी मागेच राहिली, असं त्यात दिसलं. त्यामुळे पहिला दिवस डॉक्टरांचा. त्यात कूस बदलणं आणि हात-पाय नीट ठेवणं एवढंच पाहायचं. तब्येत स्थिर झाली की साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून थोडं थोडं बसवणं सुरू होतं. रक्तस्राव झाला असेल किंवा ऑपरेशन झालं असेल, तर वेळ डॉक्टर ठरवतील.

‘तीन महिन्यांत जे येईल ते येईल, पुढं काही नाही’ हे खरं का?

अर्धंच खरं. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात भराभर होते, म्हणून हा काळ पाहुण्यांना चहा करण्यात घालवू नये. पण त्यानंतर दार बंद होत नाही, चाल मंदावते. वर्ष-दीड वर्षानंतर काठी सोडलेले लोक मी पाहिले आहेत. सहा महिन्यांनी ‘आता काय व्हायचं’ म्हणून खाटेवर पडून राहिलेला माणूस आहे तेही गमावतो, हेही पाहिलं आहे.

तुम्ही रोज येता, तेवढं पुरे ना?

नाही. मी येते ती पाऊण तास. उरलेले सव्वातेवीस तास घरच्यांचे. आणि स्पष्टच सांगते, त्या सव्वातेवीस तासांत सगळ्यात जास्त आड येते ती माया. पाणी हातात, घास तोंडात, शर्टाची बटणं सुनेनं लावायची, कूस मुलानं बदलायची. माणसानं स्वतःहून काही हलवायचं म्हटलं तर संधीच उरत नाही. पेशंटला जे करायला पाच मिनिटं लागतात, ते तुम्ही अर्ध्या मिनिटात करून देता तेव्हा त्याचा एक व्यायाम तुम्ही खाल्लेला असतो.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात नेमकं काय करून घ्यायचं?

सुरुवात खाटेवरच. पण त्याआधी खाट बघा. भिंतीला लावलेली असेल तर अधू बाजू मोकळ्या जागेकडे येऊ द्या. बोलायला बसणारे लोक, पाण्याचा तांब्या, टीव्ही हे सगळं हळूहळू अधू बाजूला आणा, म्हणजे मान आणि लक्ष तिकडे वळतं. फक्त बेल किंवा मोबाईल चांगल्या हाताजवळ असू द्या.

मग कुशीवर वळणं. चांगल्या हातानं अधू हाताचं मनगट धरायचं, दोन्ही गुडघे दुमडायचे (अधू पायाला तुम्ही आधार द्या) आणि हात-गुडघे एकदम एका बाजूला न्यायचे. अंग आपोआप मागून येतं. हे जमलं की ‘पूल’. उताणं झोपून दोन्ही गुडघे दुमडलेले, पावलं गादीवर टेकलेली, कंबर वर उचलायची, तीन-चार अंक मोजायचे, हळू खाली. अधू गुडघा बाहेर पडत असेल तर तो हातानं धरून ठेवा. हा व्यायाम दिसायला साधा, पण उभं राहताना नितंबाचा जो स्नायू लागतो तो इथेच जागा होतो. शिवाय बेडपॅन सरकवणंही सोपं होतं, आणि ते बघून घरच्यांचा या व्यायामावर लगेच विश्वास बसतो!

मोठ्यानं अंक मोजायला सांगते त्यामागे कारण आहे. मोजणारा माणूस श्वास कोंडून धरू शकत नाही. श्वास कोंडून जोर लावला की बीपी उसळतं.

झोपलेल्याला एकदम उभं करू नका. आधी पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसवा. पडून राहिल्यावर एकदम उठलं की रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. मग सगळे म्हणतात, ‘व्यायामानं पडले’.

बसवलं की एका बाजूला कलतात. उशा लावून टेकवून ठेवू का?

जेवताना ठेवा, कारण कलून किंवा आडवं होऊन जेवलं की ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते. बाकी वेळी उशांचा किल्ला बांधू नका, तोल सांभाळायची गरजच उरत नाही.

काहीजण मात्र नुसते कलत नाहीत. चांगल्या हातानं खाटेला रेटा देऊन स्वतःला अधू बाजूकडे ढकलतात, आणि सरळ करायला गेलं की घाबरून आणखी जोर लावतात. त्यांच्या मेंदूतली ‘सरळ’ची खूणच हललेली असते, त्यांना सरळ बसलेलं तिरकं वाटतं. इथे ओढाताण उपयोगाची नाही. समोर दाराची चौकट दिसेल असं बसवा आणि ‘चौकटीशी अंग जुळवा’ असं सांगा. डोळ्यांनी दिसलेलं त्यांना पटतं. अशा पेशंटला जास्त दिवस लागतात, त्याला हट्टीपणा समजू नका.

खुर्चीतून उठताच येत नाही. दोघांनी बगलेत हात घालून उठवतो, चालेल?

चालणार नाही. दोन कारणं. बगलेतून ओढलं की लुळा पडलेला खांदा सांध्यातून खाली निसटतो. आणि दुसरं, उठायचं कसं हे पेशंट कधीच शिकत नाही. उठणं हे ताकदीपेक्षा युक्तीचं काम आहे.

खुर्ची जड, हात असलेली आणि भिंतीला टेकवलेली घ्या. मांडवात असते तसली प्लास्टिकची नको, ती सरकते. बैठक गुडघ्यापेक्षा थोडी उंच हवी, नसेल तर सतरंजीची घट्ट घडी घाला. आता खुर्चीच्या काठावर सरकून बसायचं. दोन्ही टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. अधू पाऊल चांगल्या पावलाच्या बरोबरीनं किंवा दोन बोटं मागेच, कारण जे पाऊल मागे असतं त्यावर जास्त भार येतो. बरेच पेशंट नकळत अधू पाय पुढे सोडून देतात आणि सगळा उठाव चांगल्या पायावर घेतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून हात पुढे. मग कमरेतून वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत. माणूस इथंच घाबरतो, ‘तोंडावर पडंन की!’ म्हणतो. पण इतकं वाकल्याशिवाय बूड उचलतच नाही. बसताना धप्पकन बसायचं नाही, पाच मोजत खाली यायचं. उठण्याइतकाच हा व्यायाम मोलाचा.

मदतनीस अधू बाजूला उभा राहील आणि कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरेल. हात धरणार नाही.

विट्याकडच्या एका आजींची गोष्ट सांगते. आजी पुढे वाकल्या रे वाकल्या की सूनबाईंचा हात बगलेत जायचा. दहा वेळा सांगून झालं. शेवटी मी सूनबाईंच्या दोन्ही हातांत भरलेले चहाचे कप दिले आणि समोर उभं राहायला सांगितलं. पट्टा मी धरला. आजी दोनदा अर्ध्यातून खाली बसल्या. तिसऱ्यांदा उठल्या आणि म्हणाल्या, ‘आण तो चहा हिकडं.’

तोल येण्यासाठी कुठले व्यायाम?

स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी जागा नाही. पुढे ओटा, मागे खुर्ची, बाजूला घरचं माणूस. पेशंट घाबरत नाही आणि पडलाच तर खुर्चीत पडतो. आधी पावलं खांद्याइतकी फाकवून नुसतं उभं राहायचं. मग भार हळूहळू अधू पायावर न्यायचा आणि परत आणायचा. घरात दोन वजनकाटे मिळाले तर एकेक पाऊल एकेका काट्यावर ठेवून बघा. साठ किलोच्या माणसाचा अधू पाय पंधरा किलोच उचलतोय हे आकड्यात दिसलं की तो स्वतःच चुरस लावतो.

त्यानंतर पावलं जवळ आणायची. मग चांगल्या हातानं बाजूच्या फळीवरचा डबा घेऊन दुसऱ्या बाजूला ठेवायचा, अधू बाजूकडे जास्त झुकावं लागेल असा. मग चांगला पाय पाटावर ठेवून अधू पायावर उभं राहणं. मग एका पावलापुढे दुसरं. डोळे मिटून उभं राहणं, गादीवर उभं राहणं हे फिजिओ समोर असतानाच.

तोल मोजायची आमची एक पट्टी आहे, बर्ग बॅलन्स स्केल. बसण्या-उठण्यापासून एका पायावर उभं राहण्यापर्यंत 14 कामं आणि 56 गुण. 45 च्या खाली असेल तर पडण्याचा धोका धरून चालतो. महिन्यातून एकदा करून घ्या. रोज बघणाऱ्याला सुधारणा दिसत नाही, गुण वाढलेले दिसतात.

चालायला कधी लागायचं? वॉकर घ्यावा की काठी?

आधार न घेता बसता येतंय, कमी मदतीत उठता येतंय आणि अधू पायावर क्षणभर भार पेलतोय, एवढं झालं की फिजिओच्या हाताखाली चालणं सुरू करता येतं. वॉकरला दोन्ही हातांची पकड लागते, ती नसेल तर चार पायांची काठी बरी. दुकानातून कुठलीही उचलून आणू नका. पायात रोजच्या चपला किंवा बूट घालून सरळ उभं करा, हात बाजूला सोडा, काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी.

काठी चांगल्या हातात. ‘पाय डावा गेलाय तर काठीही डावीकडं’ असं अनेकांना वाटतं, पण मग सगळा भार त्याच बाजूला लोटला जातो. क्रम असा: काठी, अधू पाय, चांगला पाय. पायरीवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. घरातल्या दोन पायऱ्या जमल्या म्हणून कृष्णेच्या घाटावर न्यायची घाई नको. तिथं दगड झिजलेले असतात, ओले असतात आणि धरायला काही नसतं. आमराईत सकाळी ऊन चढायच्या आत एक फेरी मारा, तीही थोड्या थोड्या अंतरावर बसायला मिळेल अशी आखून.

एक गंमत बघा. चालताना तुम्ही काही विचारलं आणि उत्तर द्यायला पेशंट थांबला, तर समजा की अजून सगळं लक्ष पावलांवर खर्च होतंय. अशा माणसाला एकट्याला रस्त्यावर सोडू नका.

पाय फरपटतो, चवडा उचलत नाही. त्याला काय?

घोटा वर ओढणारे स्नायू उशिरा जागे होतात, म्हणून बोटं जमिनीला अडकतात आणि पाय अर्धगोल फिरवत टाकावा लागतो. फिजिओच्या मापानं घोट्याचा स्प्लिंट, म्हणजे चवडा वर धरून ठेवणारा कडक आधार, घ्या. ‘सवय लागेल’ म्हणून टाळू नका. त्यानं पडणं वाचतं आणि चालण्याचा सराव वाढतो. मधुमेह असेल तर स्प्लिंट काढल्यावर रोज पायाची कातडी बघा, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर माप चुकलंय. सपाता आणि अंगठ्याच्या चपला बंद. टाचेला पट्टा असलेली सँडल बरी.

हातात पिवळा चेंडू दिलाय, दिवसभर दाबतात. हात सुटेल ना?

हा चेंडू प्रत्येक घरात सापडतो. मला तो फारसा आवडत नाही. झटक्यानंतर बऱ्याच जणांची बोटं मिटायला शिकलेलीच असतात, अडचण उघडण्याची असते. दिवसभर दाबून पीळ वाढल्यासारखा वाटत असेल तर चेंडू नातवाला द्या. त्यापेक्षा अधू तळवा टेबलावर उघडा ठेवून त्यावर भार द्या, टॉवेल पुढे-मागे सरकवा, ग्लास धरणं आणि सोडणं करा. सोडण्यावर जोर.

खांदा मात्र जपा. अधू हातानं ओढून बसवू नका, दाराला दोरी-कप्पी बांधून हात वर खेचू नका. बसल्यावर हात उशीवर, चालताना लोंबकळू नये. एकदा खांदा दुखायला लागला की पेशंट सगळ्याच व्यायामाला नाही म्हणतो.

मालिश, गावठी औषध, कबुतराचं रक्त…?

हलक्या हातानं तेल लावा, माणसाला बरं वाटतं, कातडी चांगली राहते. पण मालिशनं हुकूम परत येत नाही, हालचाल पेशंटनं स्वतः करावी लागते. कडक झालेला हात-पाय कडाकडा ताणणाऱ्या मालिशवाल्याला दारातूनच परत पाठवा. कबुतराच्या रक्तानं पक्षीच मरतो. त्या नादात बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करणं, हे खरं जिवावर बेततं.

घरात काय बदल करावे?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. मीही एके काळी शेवटीच विचारायचे. माझ्या एका पेशंट काकांना मी सोप्यात छान चालतं केलं होतं. मी खूष, ते खूष. आठवड्यानं ते पडले, मोरीच्या चार बोटं उंच कट्ट्याला पाय अडकून. त्या घरात महिनाभर जाऊन मी मोरी एकदाही पाहिली नव्हती. खुब्याचं हाड मोडलं आणि दोन महिन्यांची कमाई गेली. आता पहिल्या भेटीत मी आधी मोरी आणि संडास बघते, मग पेशंट.

कट्टा फोडता येत नसेल तर त्यावर ठळक रंगाची पट्टी मारा आणि बाजूला भिंतीत लोखंडी दांडा बसवा. टॉवेलचा रॉड भार पेलत नाही. शहाबादी फरशी ओली झाली की काचेसारखी होते, पावसाळ्यात मोरी पुसून कोरडी ठेवा. अंघोळ स्टुलावर बसून, संडासात कमोड खुर्ची. रात्री खाटेपासून संडासापर्यंत बारका दिवा चालू. पायपुसणी, गोधड्या, चार्जरच्या वायरी वाटेतून हलवा.

पडलेच तर?

लगेच उचलू नका. आधी विचारा कुठं दुखतंय. खुब्यात कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर हलवू नका. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर माणूस बोलता-चालता असला तरी दवाखान्यात न्या. काही लागलं नसेल तर खुर्ची जवळ आणा, चांगल्या कुशीवर वळवून गुडघ्यावर आणा आणि खुर्चीला धरून उठू द्या.

व्यायाम कधी थांबवायचा?

बीपी वरचं 180 किंवा खालचं 110 च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, दम, चक्कर आली तरी थांबा. एका पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा असेल तर मालिश तर अजिबात नाही, आतल्या शिरेत गुठळी असू शकते. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी व्यायाम करू नका. आणि तोंड वाकडं होणं, नव्यानं हात-पाय गळणं, बोलणं अडखळणं, एकदम तोल जाणं दिसलं तर फिजिओची वाट न बघता 108. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ साधारण साडेचार तासांत संपते, म्हणून माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ लिहून न्या.

सारखे रडतात, ‘नको’ म्हणतात. आळस आहे का?

झटका आलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांना सांगा. काहींना कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं, तेही मेंदूच्या इजेमुळेच. थकवाही खरा असतो. एका दमात तासभर घेण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं पाच-सहा वेळा घ्या.

खर्च झेपत नाही, काय करावं?

सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयांत चौकशी करा. रोज जाणं जमत नसेल तर आठवड्यातून एकदा फिजिओकडून व्यायाम शिकून मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्या आणि घरी करा. अधूपण कायम राहील असं दिसलं की दिव्यांग प्रमाणपत्रासाठी, म्हणजे यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. बहुतेक सवलतींना 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व लागतं.

आमच्या आबांना बागेत जायचंय. कधी नेऊ?

तासगावच्या एका आबांनी मला पहिल्याच दिवशी हे विचारलं होतं, आणि ऑक्टोबरच्या छाटणीची तारीखच घालून दिली होती. घराबाहेरच्या मातीत काठीनं शंभर पावलं, वळून परत, मध्ये न धरता. हे जमलं की न्या. पण द्राक्षबागेत दोन गोष्टी घात करतात. ठिबकच्या नळ्या पायात येतात, आणि मांडवाखाली सारखं वर बघावं लागतं. मान वर केली की तोल मागे जातो. म्हणून आबांना आम्ही घरात दोरी बांधून तिला कपड्यांचे चिमटे लावायला आणि काढायला लावले, वर बघत, मागे खुर्ची ठेवून. पहिल्या दिवशी चार चिमटे झाले. छाटणीला आबा गेले, कात्री मुलाच्या हातात होती, आणि आबा बांधावर खुर्ची टाकून कुठली काडी ठेवायची ते काठीनं दाखवत होते.